मदत हवी आहे : जिम लावली तरी वजन वाढतंय
डोंबिवलीहून लोकलने ऑफिसला जायचो तेव्हा व्यायाम शून्य, तरी वजन ६८ वर स्थिर. आता दीड वर्ष घरूनच काम. रोज ४५ मिनिटं जिमला जातो, पण काटा ७४ वर! खाणं तेवढंच (आईच्या मते कमीच). मोबाइलमध्ये पाहिलं तर तेव्हा दिवसाला ११ हजार पावलं व्हायची, आता जेमतेम ४ हजार. स्टेशनचे जिने, गाडीत तासभर उभं राहणं, यातच जिरत होतं बहुतेक सगळं.

रोज १० हजार पावलांचा आकडा १९६५ च्या एका जपानी पेडोमीटरमुळे (पावलं मोजायच्या यंत्रामुळे) रूढ झाला, त्यामुळे त्याच्यामागे धावायचं नाहीये. पण दिवसभर मीटिंगा असताना हालचाल वाढवायची कशी? फोनवर बोलताना फेऱ्या मारून पाहिल्या, तर खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन वर आल्या. कुणी स्वतः करून पाहिलेलं काही असेल तर सांगा.