डूम २: नकाशात आपलं संगीत वाजत नसेल तर

डूम २ या जुन्या गेमच्या स्वतः बनवलेल्या नकाशात (लेव्हलमध्ये) गाणं वाजत नसेल तर 'एमपी३ चालत नाही, मिडीच (सुरांच्या नोंदींची छोटी फाईल) घाला' असा सल्ला मिळतो, तो गेमच्या जुन्या मूळ इंजिनापुरता बरोबर. पण जीझेडडूमसारख्या आजच्या पोर्टवर (मूळ इंजिनाच्या सुधारित आवृत्तीवर) एमपी३ आणि ओजीजी या ध्वनिफाईली आरामात वाजतात, तिथे फाईलच्या प्रकाराला दोष देण्यात अर्थ नाही. आधी नाव बघा. वॅडमध्ये, म्हणजे डूमच्या डेटा-फाईलमध्ये, लंपचं (आतल्या प्रत्येक नोंदीचं) नाव जास्तीत जास्त ८ इंग्रजी अक्षरांचं असतं आणि गाण्याच्या नावाआधी लावतात त्या डी-अंडरस्कोरची (D_) दोन त्यातच मोजायची, म्हणजे उरली सहा. मी हौसेनं लांबलचक नाव दिलं होतं. वॅडमध्ये ते गुपचूप कापलं गेलं, मॅपइन्फोत (कुठल्या नकाशाला कुठलं गाणं ते सांगणाऱ्या मजकुरात) मात्र अख्खं राहिलं. दोन संध्याकाळी गेल्या, आणि मी बसलोय आवाजाची सेटिंगं चिवडत!

खात्री करायची तर मॅपइन्फो तात्पुरती काढा, गाण्याच्या लंपला 'डी_रनिन' (इंग्रजीत D_RUNNIN, शेवटी आय-एन) असं नाव द्या आणि मॅप०१, म्हणजे पहिला नकाशा, सुरू करा. डूम २ पहिल्या नकाशाला तेच नाव शोधतो. वाजलं तर फाईल ठणठणीत आहे, घोळ मॅपइन्फोतल्या नावाचा. वॅडऐवजी पीके३ (फोल्डर असलेली झिपसारखी फाईल) वापरत असाल तर लांब नावाची फाईलही चालते, फक्त मॅपइन्फोत म्युझिक फोल्डरसकट पूर्ण पत्ता लिहा.