प्रतिसाद: बटन सेलकडेही बघा
नाताळात घरातल्या लहान मुलांना कशाकशापासून जपावं या चर्चेत दिव्यांच्या माळा आणि तापलेला ओव्हन यांवर वर बरंच लिहून झालंय. माझी भर बटन सेलची, म्हणजे बटणासारख्या चपट्या, गोल बॅटरीची. गाणारी ग्रीटिंग कार्डं, लुकलुकणारे सांता, बिनज्योतीच्या मेणबत्त्या, यांत बऱ्याचदा हा असतो. २० मिमीचा लिथियम सेल पोराच्या अन्ननलिकेत अडकला तर २ तासांत आतून भाजू शकतं, सेल ‘संपलेला’ असला तरी! उलटी करवू नका, थेट इस्पितळ गाठून एक्स-रे काढायला लावा. एक्स-रेमध्ये सेल नाण्यासारखाच दिसतो, फक्त कड दुहेरी. मूल वर्षावरचं असेल, गिळता येत असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी २ चमचे मध द्यावा, असं अमेरिकेतलं नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटर सांगतं. पण मध शोधत बसू नका. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं आम्ही तरी घेत नाही, कितीही गोजिरं असो.