हायफू: प्रोस्टेट कॅन्सरवरचा बिनटाक्याचा उपचार, पेशंटने काय धरून चालावं?

कृष्णाकाठ (प्रश्न)

वडील ६७ वर्षांचे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ८.२. एमआरआयमध्ये प्रोस्टेटच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात १३ मिमीची गाठ, पायरॅड्स (एमआरआयवरून कॅन्सरच्या संशयाचा पाचपैकी अंक) ४. बायोप्सीत ग्लीसन (पेशी किती बिघडल्यात याचा अंक) ३+४, तोही फक्त डावीकडच्या तुकड्यांत. प्रोस्टेट ३८ सीसी. पेट स्कॅनमध्ये बाहेर काही पसरलेलं नाही. सर्जननी तीन पर्याय ठेवलेत: रोबोटिक ऑपरेशन, रेडिएशन किंवा फोकल हायफू, म्हणजे तीव्र ध्वनिलहरी एका जागी एकवटून फक्त गाठीचा भाग जाळणं. हायफू शोधायला जावं तर निम्मी पानं चेहऱ्याची कातडी घट्ट करणाऱ्या पार्लरची निघतात, उरलेल्यांवर ‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा’ एवढंच. त्या दिवशी नेमकं काय करतात? लघवीची नळी किती दिवस? सांगलीहून मुंबईला जाऊन-येऊन जमेल का? आणि कॅन्सर गेला हे कळतं कशावरून?

धार_बारीक

टाका पडत नाही एवढं खरं. पण भूल द्यावी लागते, गुदद्वारातून बोटापेक्षा जाड प्रोब (लहरी सोडणारी दांडी) आत जातो आणि नंतर नळी लागते. तेव्हा ‘सोनोग्राफीसारखंच असतं’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

सकाळी उपाशीपोटी एनिमा देतात, बहुधा दोनदा. यात टाळाटाळ करू नये. गुदाशयात मल किंवा वायू राहिला की ध्वनिलहरी तिथेच अडतात आणि पडद्यावरचं चित्रही धूसर होतं. मग भूल, पूर्ण किंवा कमरेतून. ती दुखू नये म्हणून असते तशीच हलू नये म्हणूनही असते, कारण पेशंट चार-पाच मिलिमीटर सरकला तरी आखलेला नकाशा चुकतो. प्रोबवर कंडोमसारखं आवरण असतं आणि त्यात हवा काढून टाकलेलं गार पाणी फिरत राहतं. त्या पाण्यातून लहरी पुढे जातात आणि गुदाशयाची भिंतही थंड राहते.

लहरींचा एक मारा तांदळाच्या दाण्याएवढा भाग जाळतो: साधारण ३ मिमी रुंद, १० ते १२ मिमी लांब. आंबेमोहोर नव्हे, शिजलेली बासमती डोळ्यांपुढे आणा. तिथलं तापमान काही सेकंदांत ८० अंशांच्या वर जातं. मग यंत्र थोडं थांबतं आणि शेजारचा दाणा घेतं. अशा शेकडो दाण्यांनी गाठ आणि तिच्याभोवतीची ५ ते १० मिमी किनार भरून काढायची. अर्ध्या ग्रंथीला दीड-दोन तास सहज जातात. मध्येच प्रोस्टेट सुजतं, त्यामुळे आखणी पुन्हा जुळवावी लागते. बटण दाबून मोकळं होण्यातलं हे काम नाही. म्हणून यंत्र कुठल्या कंपनीचं हे विचारण्याआधी सर्जननी अशा किती केसेस केल्यात आणि त्यांतल्या किती जणांची वर्षभराने पुन्हा बायोप्सी केली, ते विचारा. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर अडखळलं तर समजून घ्या.

राखाडी_छटा

रेडिओलॉजीच्या बाजूने बोलतो. फोकल हायफू फसतो तो बहुतेक वेळा नकाशा चुकल्यामुळे. एमआरआयला दिसते त्यापेक्षा गाठ प्रत्यक्षात मोठी असते, आणि काही गाठी दिसतच नाहीत. म्हणून बायोप्सी दोन्ही प्रकारची झालेली हवी: गाठीवर नेम धरून घेतलेले तुकडे आणि शिवाय दोन्ही बाजूंचे ठरावीक तुकडे. ‘फक्त डावीकडे’ याचा अर्थ उजवीकडून पुरेसे तुकडे घेतले आणि ते स्वच्छ निघाले, की उजवीकडे सुई घातलीच नाही? रिपोर्टमध्ये तुकड्यांची संख्या असते, मोजा.

तुमच्या वडिलांची गाठ मागे, म्हणजे गुदाशयाच्या बाजूला आहे. नेम धरायला ही जागा सोयीची. पुढच्या भागातल्या गाठीपर्यंत प्रोब नीट पोचत नाही आणि ग्रंथी मोठी असेल तर तिथे पूर्ण उष्णता मिळत नाही. ४० सीसीच्या पुढे बरेच जण आधी ग्रंथी लहान करून घेतात. अजून एक पाहायचं, कॅल्शियमचे खडे. प्रोब आणि गाठ यांच्या मध्ये ५ मिमीच्या वरचा खडा असेल तर त्याच्या सावलीत काहीच जळत नाही. एमआरआयमध्ये खडे नीट कळत नाहीत. गुदद्वारातून केलेल्या सोनोग्राफीत पांढरे ठळक दिसतात, तेव्हा ती करून घ्या.

सिस्टर_रात्रपाळी

नळीचं सांगते, कारण घरी गेल्यावर खरा प्रश्न तोच असतो. बहुतेकांना ५ ते ७ दिवस, काहींना दोन आठवडे. जळालेली ग्रंथी आधी सुजते, नळी नसेल तर लघवी तुंबते.

सांगलीला लगेच परतू नका. पहिली रात्र मुंबईतच काढा, जमल्यास दोन. प्रवासात मांडीला बांधायची छोटी पिशवी घ्या, रात्री मोठी. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली राहिली पाहिजे. गाडीत सीटवर शेजारी ठेवली की लघवी उलटी जाते. दर दोन तासांनी उतरून चालायचं आणि नळीला पीळ पडलेला नाही ना ते बघायचं. नळी मांडीला चिकटपट्टीने अडकवा, नाहीतर ओढ बसून टोकाशी सोलपटतं.

पहिले काही दिवस लघवी लालसर येते, मधूनच लघवीची जोराची कळ येऊन नळीच्या बाजूने गळतं. हे मूत्राशयाच्या पेटक्यामुळे होतं, त्यावर गोळी मिळते. नळी काढल्यावर काही आठवडे लघवीतून करड्या-तपकिरी चोथ्यासारखे तुकडे पडतात. त्या मेलेल्या पेशी. घाबरू नका, पाणी अडीच लिटरच्या आसपास ठेवा (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). उन्हाळे लागल्यासारखी जळजळही असते. पण धार बारीक होत होत थेंबावर आली, थंडी वाजून ताप आला, वृषण सुजला किंवा चार-पाच तास लघवीच झाली नाही, तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

शौचाला जोर करू नका, पातळ करणारं औषध सुरू ठेवा. घरच्या घरी एनिमा अजिबात नको. लघवीतून हवेचे बुडबुडे यायला लागले किंवा शौचाच्या वाटेने पाणी येतंय असं वाटलं तर लगेच फोन करा. गुदाशय आणि मूत्रमार्ग यांच्यात भोक पडण्याचा प्रकार फार क्वचित होतो, पण झाला तर मोठं ऑपरेशन लागतं. आधी रेडिएशन झालेल्यांत त्याची भीती जास्त.

कृष्णाकाठ

फार उपयोग झाला. दोन गोष्टी राहिल्या. वडील लघवीसाठी दोन वर्षं टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइडची एकत्र गोळी घेतात, शिवाय हृदयात स्टेंट असल्याने रक्ताची गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल. काही फरक पडतो का?

धार_बारीक

दोन्हींनी पडतो, पहिल्याने तर सगळं गणितच बदलतं. ड्युटास्टेराइड सहा महिन्यांच्या वर घेतलं की पीएसए साधारण निम्मा दिसतो. म्हणजे तुमचा ८.२ हा खरा १६ च्या घरातला. सर्जनना हे माहीत आहे का? फोकल हायफूसाठी पेशंट निवडताना पीएसएची मर्यादा १५ किंवा २० अशी धरतात, तेव्हा तुम्ही काठावर येता. आजच फोन करून सांगा. गोळी अचानक बंद करून नवा आकडा काढायच्या फंदात पडू नका, आकडा वर यायला महिने लागतात.

क्लोपिडोग्रेल सहसा ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट केव्हाचा यावर ते ठरतं आणि ठरवायचं हृदयाच्या डॉक्टरांनी. त्यांची लेखी परवानगी भूलतज्ज्ञ मागणारच.

पुन्हा_तपासा

कॅन्सर गेला हे कसं कळतं, यावर अजून कुणी बोललं नाही. ग्रंथीचा निम्मा भाग जिवंत राहतो, त्यामुळे पीएसए शून्यावर येत नाही आणि यायलाही नको. पहिला पीएसए तीन महिन्यांनी करा, त्याआधी सुजेमुळे आकडा फसवा असतो. मग दर तीन ते सहा महिन्यांनी. खाली जाऊन ठरला की तोच तुमचा तळ, तिथून सतत चढायला लागला तर एमआरआय. चढो न चढो, वर्षभराने एमआरआय आणि बायोप्सी करायचीच. बरेच पेशंट पीएसए चांगला आला म्हणून ही बायोप्सी टाळतात आणि उरलेला कॅन्सर तिथेच राहतो.

ब्रिटनमधल्या नऊ केंद्रांच्या ६२५ रुग्णांच्या २०१८ च्या अभ्यासात पाच वर्षांनी ८८ टक्के जणांना ऑपरेशन-रेडिएशनसारखा पुढचा मोठा उपचार लागला नव्हता. त्याच संशोधकांच्या १,३७९ रुग्णांच्या २०२२ च्या अभ्यासात सात वर्षांनी हा आकडा ६९ टक्के. गरज पडली तर हायफू पुन्हा करता येतो, हे त्या आकड्यांत धरलेलं आहे. पॅड लागण्याइतकी गळती ६२५ च्या गटात २ टक्क्यांना, ताठरतेचा त्रास १५ टक्क्यांना. वीर्य मात्र कमी होतं किंवा बंदच होतं, हे आधी नीट सांगत नाहीत. युरोपचं मूत्ररोगतज्ज्ञांचं मंडळ आजही फोकल उपचार वैद्यकीय चाचणीत किंवा रुग्णांची पुढची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासातच करा म्हणतं. आणि नंतर ऑपरेशन करायची वेळ आली तर जळालेल्या भागाला व्रण धरलेला असतो, ते अवघड जातं.

‘लवकर काहीतरी करा’ म्हणणाऱ्यांसाठी: ब्रिटनच्याच प्रोटेक्ट चाचणीत १५ वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले साधारण ३ टक्के होते, नुसती देखरेख असो, ऑपरेशन असो की रेडिएशन. पीएसएचा गोंधळ निस्तरायला महिना-दोन महिने गेले तर काही बिघडत नाही.

फाइल_नंबर

विम्याचं कुणी विचारलं नाही, पण विचारणार आहात. इरडाच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०१९ च्या नियमांत पॉलिसीतून वगळता येणार नाही अशा आधुनिक उपचारांची यादी आहे, त्यात हायफू आहे. मात्र तो गर्भाशयाच्या धमनीच्या उपचाराबरोबर एकाच ओळीत लिहिलाय, त्यामुळे ‘हे बायकांचं आहे’ असं म्हणून टीपीए (विमा कंपनीसाठी दावे तपासणारा मध्यस्थ) फाइल परत पाठवू शकतो. शिवाय या यादीतल्या उपचारांना कंपनी वेगळी वरची मर्यादा लावू शकते, ती पॉलिसीत शोधा. पूर्वमंजुरी लेखी घ्या, आणि सर्जनच्या पत्रात ‘प्रोस्टेट’ आणि ‘कॅन्सर’ हे दोन्ही शब्द स्पष्ट असू द्या.