व्यायलेली गाय पेंड खात नाही, लघवीत किटोन आलेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
संगमनेर तालुक्यात माझा सात गायींचा गोठा आहे. त्यातली एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, तिसरं वेत, व्यायला आज १९ दिवस झाले. आठवडाभर तिच्यापायी झोप नाही.

व्याली तेव्हा सगळं नीट होतं. वार वेळेत पडली, कालवड धडधाकट, दहाव्या दिवशी दोन्ही वेळचं मिळून २२ लिटर दूध. अकराव्या दिवशी गोळी पेंड सोडली. वाळला कडबा खाते, मुरघास हुंगून सोडते, पेंडीला तोंडच लावत नाही. शेण घट्ट, वर शेंबडासारखी साय. ताप नाही. दूध ११ लिटरवर आलंय. मधेच फॅट ३.६ वरून ५.१ झाली, तेव्हा संकलन केंद्रावर पावती बघून मी खूश झालो होतो. अंगावरची चरबी दुधात उतरतेय हे मला कुठं माहीत!

पहिल्या डॉक्टरांनी अपचन समजून पाचक पावडर दिली, चार दिवस त्यात गेले. मग एकदा धारेच्या वेळी पोरगी म्हणाली, "पप्पा, हिच्या तोंडाला नेलपॉलिशसारखा वास येतोय." दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीत पट्टी बुडवली तर बघता बघता जांभळी झाली. किटोसिस म्हणाले, म्हणजे अंगात साखर कमी पडली की चरबी जळते आणि तिच्यातून निघणारे किटोन रक्तात-लघवीत साचतात. डाव्या बरगड्यांवर टिचक्या मारून ऐकलं, पोट सरकलेलं नाही. शिरेतून डेक्स्ट्रोज दिल्यावर संध्याकाळी तिने पेंड खाल्ली. दोन दिवस बरी होती, तिसऱ्या दिवशी परत तेच.

चूक माझीच आहे. गाभण उशिरा राहिली, त्यामुळे चार महिने भाकड होती आणि पोटात वासरू आहे म्हणून मी रोज पाच किलो पेंड घालत राहिलो. व्याताना शेपटीच्या बुडाशी चरबीच्या गाद्या होत्या. आता बरगड्या मोजता येतात.

ही चरबी लिव्हरमध्ये बसते म्हणतात, मग लिव्हर किती खराब झालंय हे कशावरून कळेल? रोज अर्धा किलो गूळ देतोय, चालेल ना? आणि दुसरी एक गाय आठव्या महिन्यात आहे, तीही अशीच जाड. तिची पेंड आजच बंद करू का?

प्रतिसाद
दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलतो. तिची पेंड एकदम तोडू नका. गाभण गाय उपाशी राहिली की व्यायच्या आधीच अंगावरची चरबी सुटते आणि लिव्हरमध्ये जाऊन बसते. गायीचं लिव्हर ती चरबी फार हळू बाहेर काढतं. कडबा-भुसा पोटभर, पेंड बेताची, म्हणजे वजन आहे तिथंच राहील. शेवटचे तीन आठवडे व्यायल्यानंतरच्या खुराकाची हळूहळू सवय लावा.

गूळ थांबवा. तो कोठीपोटातच (चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटात) आंबतो, रक्तात साखर म्हणून पोचत नाही. डेक्स्ट्रोजची बाटलीही काही तासच पुरते, म्हणून ती परत पडली. डॉक्टरांना प्रोपिलीन ग्लायकॉलचं विचारा: साधारण ३०० मिली रोज एकदा, तीन ते पाच दिवस. त्यातून लिव्हर स्वतः साखर बनवतं. पाजताना मान फार उंच करू नका, जीभ ओढू नका. ठसका लागून औषध फुफ्फुसात गेलं तर गाय हातची जाते.

रक्तात बीएचबी (मुख्य किटोन), ग्लुकोज, आणि लिव्हरला इजा झाली की वाढणारे एएसटी आणि जीजीटी बघून घ्या. बीएचबी लिटरला १.२ मिलीमोलच्या वर म्हणजे किटोसिस आहेच. लिव्हरमधल्या चरबीचा नेमका अंदाज मात्र रक्तावरून येत नाही. लिव्हरचा तुकडा काढूनच तो कळतो, आणि आपल्याकडे गोठ्यावर तसं कुणी करत नाही. औषधावर चार-पाच दिवसांत पेंडीला तोंड लावते का, हेच बघायचं.

धागाकर्ता
फार आभार, भाऊ. सकाळी रक्त दिलं. डॉक्टर ग्लायकॉलला हो म्हणाले, पहिला डोस पाजलाय, ठसका नाही. गूळ बंद. बीएचबीचा आकडा आला की इथेच टाकतो. तोवर कुणी सांगा, दूध कमी ओढलं जावं म्हणून आठवडाभर धार एकदाच काढली तर कास सुजेल का?