म्युझिक चॅनलवर गाणी सापडायची की गळ्यात मारली जायची?

कॅसेटवाला: "म्युझिक चॅनल म्हणजे त्याच चार गाण्यांचं दळण, खरा शोध अ‍ॅपवर" असं इथे कुणीतरी लिहिलंय. साफ चूक. १९९६ मध्ये हरिहरन-लेस्ली लुईस जोडीचं 'कृष्णा' टीव्हीवर लागलं. व्यासरायांचं कन्नड पद, सोबत गिटार आणि इंग्रजी ओळी. तेव्हा मी फक्त धांगडधिंगा ऐकायचो, असलं पद शोधायला कशाला गेलो असतो? अ‍ॅप आवडीचंच पुन्हा पुढे करतं. चॅनलवर मात्र नावडती पाच गाणी ऐकताना सहावं कायमचं मनात बसायचं.

हडपसरची: व्हिडिओ काढायला ज्याच्याकडे पैसा, तोच तिथे दिसायचा. याला शोध म्हणता? आमच्याकडे केबल नव्हती, विविध भारती होती. गीतकार-संगीतकारांची नावं सांगून गाणी लावायचे. आणि 'चॅनल व्ही'ने तर २०१२ मध्ये गाणी सोडून मालिका धरल्या!

सोलापूरकर: सगळी चॅनलं मुंबईत, मग मराठी गाणं कुठे होतं? सौमित्रच्या कविता, मिलिंद इंगळेंचा आवाज, 'गारवा' घरोघरी वाजत होता. कॅसेटवर! आम्हाला ९एक्स झकास या मराठी गाण्यांच्या चॅनलसाठी २०११ पर्यंत थांबावं लागलं.

कॅसेटवाला: विषय भरकटवू नका. ती देशभरची चॅनलं होती.

सोलापूरकर: देशभरची? मग पंजाबी भांगडा कसा चालायचा? मराठी लावलं की लगेच प्रादेशिक? आमच्या होस्टेलवर मराठी लावलं की पोरं रिमोट हिसकावायची. तुमच्यासारख्यांनीच ही सवय लावली.

हडपसरची: हे मात्र शंभर टक्के खरं.

कॅसेटवाला: "तुमच्यासारख्यांनी" म्हणजे कोणी? मी चॅनल चालवत होतो का? जरा जपून बोला.

तानपुरा: भांडण आवरा. शुभा मुद्गलांचं 'अब के सावन' मी टीव्हीवरच पाहिलं. त्यांना कुमार गंधर्व आणि जितेंद्र अभिषेकी यांचं मार्गदर्शन मिळालं होतं हे कळल्यावर अभिषेकीबुवांच्या कॅसेट आणल्या, मग शिकायला क्लास लावला. पॉपच्या व्हिडिओवरून मी नाट्यपदापर्यंत पोचले.

हडपसरची: बरं, तुमच्या बाबतीत मानलं. पण बुवांची गाणी आम्ही रेडिओवर आधीपासून ऐकत होतो, तेही फुकट.

सोलापूरकर: म्हणजे मराठीपर्यंत यायलाही हिंदी व्हिडिओ लागला. आणखी काय पुरावा हवा?