विषय: आमची आई, तुमच्या नागपूरच्या आजी

प्रेषक: मोठी लेक (सध्या मुक्काम नागपूर)

आपल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

आई गेली. परवा पहाटे, धरमपेठेतल्या घरी, झोपेतच. फोन खूप आले, सगळ्यांशी बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर इथे लिहिते. मी काल संध्याकाळी पोचले. दर्शन काही झालं नाही. मे महिन्यात नागपुरात देह फार वेळ घरी ठेवता येत नाही, आणि माझ्यासाठी थांबायचं नाही असं तिने भावाला आधीच बजावलं होतं.

नेत्रदान झालं. कपाटाच्या दाराला आतून तिने चिठ्ठी चिकटवून ठेवली होती: पंखा बंद करा, पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, नेत्रपेढीला लगेच फोन करा, सहा तासांच्या आत. वहिनी ती चिठ्ठी हातात धरून एकेक गोष्ट करत गेली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, तिचं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, शुगरही होती, चालेल का?" चालतं. मोतीबिंदूत भिंग बदलतात, दान बुबुळाचं असतं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री आणि घरात पंखा बंद. सगळे घामाघूम होऊन बसून होते, पण कोणी उठून बटण दाबलं नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांनी तिला आमच्याकडे परदेशात आलेली असतानाच पाहिलं. तिची मूळची गोष्ट सांगते.

जन्म १९४८चा, मातृ सेवा संघातला. कमलाताई होस्पेटांनी १९२१ साली सुरू केलेल्या या संस्थेचं नाव आमच्या आजीच्या तोंडी सतत असे. तिच्या पिढीतल्या कितीतरी बायका तिथे सुखरूप बाळंत झाल्या. आजोबा सचिवालयात कारकून. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि आईच्या वर्गातल्या मैत्रिणी एकेक करून भोपाळला, मुंबईला गेल्या. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. आठ वर्षांच्या आईने रस्ताभर पांढऱ्या कपड्यांतली माणसं पाहिली, गावोगावाहून चालत आलेली. आमची पणजी दारात पाण्याची घागर घेऊन उभी होती. आई तांब्या भरून देत होती. पुढे दर दसऱ्याला ती पाणी वाटायला जात राहिली, गुडघे दुखायला लागले तरी. "आपल्या गावात माणूस आला, त्याले पाणी आपण नाही द्यायचं तं कोणं द्यायचं?" एवढंच म्हणायची.

परक्या गावात एकट्या पडलेल्या माणसाकडे तिला पाठ फिरवता येत नसे. बाकी सगळं तिचं काम त्यातून निघालं.

आमचे दुसरे आजोबा, म्हणजे तिचे सासरे, मेडिकलमध्ये भरती होते. १९४७ सालापासूनचं हे सरकारी मेडिकल कॉलेज म्हणजे साऱ्या विदर्भाचा आधार. गडचिरोली-चंद्रपूरचे पेशंट तर येतातच, पण बालाघाट-छिंदवाड्याचे, पार छत्तीसगडचेही. शेजारच्या खाटेवर गडचिरोलीकडचा एक तरुण मुलगा होता. त्याची आई चार प्रकारच्या गोळ्या पदरात बांधून बसलेली. वाचता येत नव्हतं, विचारायची भीती वाटत होती, म्हणून ती दिसेल ती गोळी देत होती. आईने माझ्या कंपासमधली लाल-निळी पेन्सिल मागून घेतली. सिस्टरकडून एकेक गोळी नीट विचारून आली आणि पाकिटांवर चित्रं काढली. सकाळची गोळी म्हणजे डोंगरातून वर येणारा लाल सूर्य, दुपारची म्हणजे झाडावर आलेला सूर्य, रात्रीची म्हणजे निळा चंद्र. उपाशीपोटी घ्यायची असेल तर रिकामी ताटली. जेवून घ्यायची असेल तर ताटलीत भाकर. मग त्या बाईला म्हणाली, "आता तू सांग बापा मले, कोणती केव्हा?" त्या माउलीने न चुकता सगळं सांगितलं.

त्यानंतर ती दर आठवड्याला जायला लागली. आम्हाला शाळेत पाठवायचं, स्वयंपाक झाकून ठेवायचा आणि ऑटोने मेडिकल. केसपेपर कुठल्या खिडकीवर काढायचा, रक्ताचा रिपोर्ट कुठे मिळतो, रात्री नातेवाइकांनी झोपायचं कुठे, हे ती लोकांना हाताला धरून दाखवायची. गोंडी येत नव्हती, तरी दुखणं, ताप, उलटी, भूक एवढे शब्द शिकून घेतले. संस्था काढली नाही, पावतीपुस्तक छापलं नाही, कधी कुठल्या व्यासपीठावर गेली नाही. कोणी सत्काराचं काढलं की म्हणायची, शाल नको, लाल-निळ्या पेन्सिली द्या.

आणि यात आमच्याकडे दुर्लक्ष झालं का? नाही. माझ्या दहावीच्या वर्षी ती पहाटे माझ्यासोबत उठून बसायची. स्वतः फल्लीदाणे सोलत राहायची, म्हणजे मला डुलकी लागू नये. मला नोकरीसाठी इतक्या दूर जायचं होतं तेव्हा घरात फक्त ती माझ्या बाजूने उभी राहिली.

तेरावं साधंच करायचं ठरलंय. फुलं, पैसे काही पाठवू नका. आठवणी असतील त्या मात्र लिहा. भाऊ त्या बाबांना वाचून दाखवतो.

प्रेषक: मराठी शाळेच्या माजी शिक्षिका

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

काकू आपल्याकडे होत्या त्या हिवाळ्यात माझं बाळंतपण झालं. माझी आई व्हिसा न मिळाल्याने येऊ शकली नव्हती. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "दिवस भरत आले, करणारं कोण आहे?" मी म्हटलं, आम्ही दोघंच. त्या काही बोलल्या नाहीत. मी दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी तू त्यांना गाडीने सोडून गेलीस. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, अळिवाची पुडी, शेपा आणि जुनं मऊ लुगडं. तिळाचं तेल कोमट करून बाळाला मांडीवर घेऊन कसं चोळायचं हे त्यांनी माझ्या नवऱ्याला शिकवलं, मला नाही. "तिले झोपू दे. तू शीक," म्हणाल्या. तो आजही ते अभिमानाने सांगतो.

एक दिवस मी खूप रडत होते, कारण सांगता येत नव्हतं. काकूंनी समजूत घातली नाही, की आमच्या वेळी आम्ही कसं केलं तेही सांगितलं नाही. डॉक्टरांना फोन लाव म्हणाल्या. लावला. प्रसूतीनंतरचं नैराश्य होतं, वेळेत कळलं. त्या पिढीतल्या बाईने हे ओळखावं आणि ‘नजर लागली’ म्हणून मीठ-मोहरी ओवाळून मोकळं होऊ नये, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता तुझं पत्र वाचून कळतंय की त्यांनी आयुष्यभर वॉर्डांत माणसंच वाचली होती.

बाबांना माझा नमस्कार सांग.

प्रेषक: नातू

सगळ्यांना नमस्कार. मी मंडळाच्या लिस्टवर पहिल्यांदा लिहितोय. माझं मराठी चुकलं तर समजून घ्या. जे येतं ते आजीमुळे येतं. ती दर रविवारी फोनवर माझ्याकडून पाढे आणि एक बातमी मराठीत सांगून घ्यायची.

मी लहान असताना आजी म्हणाली की तिला खूप सूर्य लागतात. मग मी आणि माझी बहीण स्टिकरच्या कागदावर सूर्य आणि चंद्र काढायचो आणि आई ते पाकिटात घालून नागपूरला पाठवायची. मला वाटायचं आजी ते खेळायला वापरते. एका सुट्टीत ती मला मेडिकलला घेऊन गेली. एका आजोबांच्या औषधाच्या बाटलीवर मी काढलेला सूर्य होता. मी त्याला हसरं तोंड काढलं होतं. आजी त्यांना म्हणाली, "हा सूर्य काढणारा डॉक्टर हाच." ते आजोबा माझ्या पाया पडायला लागले. मी घाबरून आजीच्या मागे लपलो.

त्याच सुट्टीत तान्हा पोळा होता. आजीने मला लाकडी बैल आणला, त्याला झूल शिवली, आणि मी घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे बैल दाखवल्यावर मुलांना देतात ते पैसे आणि खाऊ, गोळा केला. मग नागपूरच्या महाल भागात मारबत, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, बघायला गेलो. काळी मारबत १८८१ सालापासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, हे आजीने मला पाठ करायला लावलं होतं. सगळे ओरडत होते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आजी सगळ्यात मोठ्याने ओरडत होती. पण ती नुसतं ईडा पीडा म्हणत नव्हती. ती म्हणत होती, शेजारच्या काकांची शुगर घेऊन जा, खाट नंबर बाराच्या पोरीचा ताप घेऊन जा, भाजीवालीच्या नवऱ्याची दारू घेऊन जा. तिला सगळ्यांचं माहीत होतं.

मला तिची खूप आठवण येते. मी सूर्य काढायचं थांबवणार नाही.

प्रेषक: मंडळातली एक नर्स

ताई, मनापासून सांत्वन.

यावरून एक सुचवते. आपल्याकडे दर उन्हाळ्यात किती आईवडील येतात! इन्शुरन्स तोकडा, भाषा अडते, मुलं कामावर. माझ्या वॉर्डात एक मराठी आजोबा तीन दिवस फक्त "ओके" म्हणत होते. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. काकूंचं काम आपण इथे पुढे न्यावं असं मला वाटतं. दवाखान्यात सोबतीला जाणारी चार-पाच माणसं मंडळात हवीत.

पण एक अट घालते, आणि ती काकूंचीच आहे. त्या आधी सिस्टरला विचारून मगच चित्र काढत. आपण स्वतःच्या मनाने काही सांगायचं नाही. मोठ्या निदानाच्या, ऑपरेशनच्या संमतीच्या वेळी दवाखान्याचा अधिकृत दुभाषी मागायचा. तो बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत मिळतो, लोकांना फक्त माहीत नसतं. औषधं फार्मासिस्टकडून तपासून घ्यायची. आणि शेवटी पेशंटलाच उलट सांगायला लावायचं, कोणती केव्हा. आम्हाला हे आता प्रशिक्षणात शिकवतात. काकूंना ते आपसूक कळलं होतं.

प्रेषक: मोठी लेक

सगळ्यांची पत्रं भावाने बाबांना वाचून दाखवली. नातवाचं पत्र त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. "खाट नंबर बाराची पोरगी बरी होऊन गेली होती, त्याले सांग," म्हणाले. बाळा, हे तुझ्यासाठी.

कालच मेडिकलमधल्या दोन आयाबाई भेटायला आल्या होत्या. आई कुठे बसायची ती जागा त्यांनी मला येऊन बघ म्हटलंय. उद्या जाते. तिच्या पिशवीत स्टिकरचे कागद आणि पेन्सिली आहेत, त्या त्यांच्यापैकी एकीला हव्या आहेत. तिची लेक बारावीला आहे, रविवारी येऊन बसेन म्हणते. मी सगळी पिशवीच देऊन येणार आहे.

नर्सताई, तुमची सूचना मला पूर्ण पटली. फक्त आईचं नाव त्या कामाला देऊ नका, तिला आवडलं नसतं. मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत येते. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्याकडे जमू या. ज्यांना दिवसा वेळ काढता येतो अशा निवृत्त मंडळींनी जरूर यावं. गाडी चालवणारे हवेत, आणि हिंदी, गुजराती येणारे असतील तर फारच छान, कारण नड फक्त मराठी माणसालाच असते असं नाही. येणाऱ्यांनी याच पत्राला उत्तर द्या, म्हणजे पोहे किती भिजवायचे ते कळेल. पोह्यांवरची तर्री मी करीन, सांबार (आपली नागपुरी कोथिंबीर) कोणीतरी घेऊन या.