मदत हवी आहे: व्हीएमसीच्या २० पॉकेटांत १४ टूल्स कुठे बसवू?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) जुनी, टूल्स ठेवायला छत्रीसारखं २० पॉकेटांचं फिरतं मॅगझिन, टूल अदलाबदल करणारा आर्म नाही. त्यामुळे कटिंग चालू असताना पुढचं टूल तयार ठेवता येत नाही. स्पिंडल आधी जुनं टूल त्याच्याच पॉकेटात ठेवतो, मग मॅगझिन फिरतं, मग नवं उचलतो. पॉकेट जितकं लांब, तितका वेळ फुकट.

एकच जॉब असता तर टूल्स वापराच्या क्रमाने लावली असती. पण एकाच सेटअपवर तीन प्रकारच्या पंप बॉडी चालतात, रोज ४०, २५ आणि १५. टूल्स तीच, क्रम वेगळे. चॅम्फरचं (कडा तिरप्या कापायचं) टूल तर एका सायकलमध्ये तीनदा येतं.

कोणत्या टूलनंतर कोणतं टूल दिवसात किती वेळा येतं, याचा तक्ता केला. शेवटच्या टूलवरून पुन्हा पहिल्यावर येणं सुरुवातीला राहूनच गेलं होतं, तेही धरलं. प्रत्येक आकड्याला पॉकेटांमधल्या अंतराने गुणलं. मॅगझिन दोन्हीकडे फिरतं, म्हणून जवळच्या बाजूचं अंतर. ही बेरीज कमीत कमी हवी. शोधल्यावर कळलं की कूपमन्स आणि बेकमन यांनी १९५७ मध्ये कारखान्यांच्या जागांसाठी मांडलेला क्वाड्रॅटिक असाइनमेंटचा प्रश्न (ये-जा गुणिले अंतर यांची बेरीज कमीत कमी होईल अशा जागा वाटणं) तो हाच. माझ्या मांडण्याच सुमारे ३४ कोटी कोटी होतात! याच प्रकारचं, १९६८ चं ३० जागांचं एक गाजलेलं कोडं २००० मध्ये सुटलं, तेही शेकडो संगणक आठवडाभर राबवून.

पायथनमध्ये दोन-दोन पॉकेटांची अदलाबदल करून पाहिली, बेरीज घटली तरच ठेवली. आजच्या मांडणीत मॅगझिन रोज ६,१०० पॉकेटं फिरतं. वेगवेगळ्या सुरुवातींतून ३,९००, ३,६१० आणि ३,४८० आले. एका पॉकेटाला सरासरी ०.७ सेकंद धरले तरी रोज अर्धा तास वाचतो.

आता अडलंय ते इथे. ३,४८० च्या खाली किती जाता येईल, हे कसं ओळखू? सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग (अधूनमधून बेरीज वाढवणारी अदलाबदलही स्वीकारत शोधणं) लावू, की गिलमोर-लॉलरची खालची मर्यादा (बेरीज ज्याच्या खाली जाऊच शकत नाही असा आकडा) काढून पाहू? शिवाय ६३ मिमी व्यासाच्या फेसमिलच्या (सपाट पृष्ठभाग कापायच्या रुंद टूलच्या) दोन्ही बाजूंची पॉकेटं रिकामी हवीत. ती अट मोडली की बेरजेत दंड वाढवायचा, की फेसमिलला तीन पॉकेटांचा एकच ठोकळा मानायचं?

या मशीनवर टूल नंबर म्हणजेच पॉकेट नंबर. मांडणी बदलली की तिन्ही प्रोग्रॅममधले टी (टूलचा) आणि एच (टूलच्या लांबीच्या ऑफसेटचा) नंबर बदलायचे, ऑफसेट पुन्हा घ्यायचे. एक जरी एच चुकला, तर टूल थेट जॉबमध्ये घुसू शकतं. म्हणून बदल एकदाच करायचा आहे. कुणी असं प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. तक्ता हवा असेल तर इथेच टाकतो.